माशाचं पंचांग

गावात कुणाला सांगितलं की आम्ही मासे धरायला मनालीला चाललोय, की समोरचा पहिला एकच प्रश्न विचारायचा, "का वो, कृष्णा आटली व्हय?"

कृष्णा आटलेली नाही. वरनं धोमचं पाणी येतं, वेण्णेतनं कण्हेरचं येतं, त्यामुळं आमच्या काठाला उन्हाळ्यातही पाणी दिसतं. पण दिसणारं पाणी आणि वाहणारं पाणी यांत फरक असतो. बंधारे झाल्यापासून आमची नदी टप्प्याटप्प्यानं उभी राहते. एखाद्या वर्षी कुठनं तरी मळी सुटते आणि सकाळी काठावर पांढऱ्या पोटाचे मासे उलटे पडलेले दिसतात. आमच्या लहानपणी डोहात खडशी असायची, मोठ्या खवल्याची. वाम होती, मरळ होती. आता गळाला दहा वेळा लागलं तर आठ वेळा चिलापी. ती १९५२ साली भारतात आणलेली, आता घरजावयासारखी पसरून बसली आहे.

खडशीवरून एक सांगतो. १८३९ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची यादी केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या मोठ्या खवल्याच्या माशाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं आपल्याच लोकांच्या तोंडातला शब्द उचलला. म्हणून शास्त्राच्या पुस्तकात तिचं नाव आजही 'टोर खुद्री' आहे. जगातल्या शास्त्रज्ञांनी आपल्या मावळातला शब्द जपून ठेवला आणि मासा मात्र आपल्या डोहातनं गेला. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं तिची पिल्लं तयार करून सोडायचं काम सत्तरच्या दशकापासून चालवलंय, तेवढा आधार.

तर कृष्णा आटलेली नव्हती. आम्ही चाललो होतो ते मेजरांसाठी.

मेजर म्हणजे माझे मेव्हणे, बायकोचे थोरले भाऊ. नोकरी हवालदार म्हणून संपली, पण आमच्या भागात पलटणीतनं पेन्शनीवर आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. ते आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. मनालीहून लेहला जाणाऱ्या कॉन्व्हॉयमध्ये त्यांनी तीन हंगाम गाडी हाकली. १३ हजार फुटांवरचा रोहतांग चढायच्या आधी गाड्या मनालीला थांबायच्या. वाटेत बियास नदी उजवीकडं नाहीतर डावीकडं सतत सोबतीला. तिथं त्यांनी मोठ्या साहेब लोकांना लांब काठी आणि रीळ घेऊन नदीत उभं राहिलेलं बघितलं. तो मासा म्हणजे ट्राऊट. मेजरांनी तीस वर्षं मला या माशाचं वर्णन सांगितलं आणि तीस वर्षांत एकदाही तो हातात घेतलेला नव्हता. "दाजी, स्टिअरिंग हातात असलं की नदी नुसती कडंनं दिसती. थांबता येत न्हाई."

मेजरांना साखर आहे, वीस वर्षांपासून. ती डोळ्यांच्या पडद्यावर आली. डोळ्यांत इंजेक्शनं झाली, लेसर झालं. २०२४ च्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले की उजव्या डोळ्याची फारशी आशा धरू नका, डावा सांभाळू. मेजर दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता मला म्हणाले, "दाजी, ट्राऊट बघायचा ऱ्हायलाय." बस्स, तेवढंच. मग मी घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.

शेतकरी माणसाला सहलीचा बेत करायला सांगितलं तर तो पेरणीसारखा करतो. आधी वापसा बघायचा, मग बी. माझा नातू फोनवर हॉटेलं बघत होता. मी म्हटलं, हॉटेल राहू दे, आधी मासा कधी घरी असतो ते बघ.

ट्राऊट हा थंड पाण्याचा जीव. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. त्याला खळाळतं, हवा मिसळलेलं पाणी लागतं. हिवाळ्यात, आपल्याकडं गव्हाला दुसरं पाणी चालू असतं त्या सुमाराला, तपकिरी ट्राऊटची मादी नदीच्या तळाला बारीक खड्यांत शेपटीनं खळगा करते आणि अंडी घालते. अंडी साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी, नारिंगी. म्हणून हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राऊटच्या पाण्यात गळ टाकायला बंदी. चार महिने नदीला सुट्टी. मार्चमध्ये हंगाम उघडतो. एप्रिल चांगला. मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळून पाणी राखेसारखं गढूळ होतं आणि वाढतं. जुलै-ऑगस्ट पावसाचे, त्या दिवसांत त्या नद्यांच्या जवळ जाऊ नये. २०२३ च्या जुलैत बियासनं कुलू-मनालीचा रस्ता कसा तोडून नेला ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. मग पाऊस सरला की सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पाणी पुन्हा नितळ होतं. म्हणजे वर्षात दोनच खिडक्या, एक मार्च-एप्रिलची आणि दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरची.

आता आपलं पंचांग. मार्च-एप्रिल म्हणजे गहू-हरभऱ्याची काढणी, उसाची तोड, आणि पुढं गावची जत्रा. शिवाय एप्रिलपर्यंत थांबायचं म्हणजे मेजरांच्या डोळ्याला आणखी आठ महिने मागायचे. ते आम्हाला कोण देणार? राहिली दुसरी खिडकी. ७ सप्टेंबरला गणपती, १७ ला विसर्जन. लगेच पितृपंधरवडा, त्यात मेजरांच्या वडिलांची तिथी. ३ ऑक्टोबरला घट बसले. नवरात्रात आमच्या घरात माशाचं नावसुद्धा काढायचं नाही. बायकोनं आधीच सांगून ठेवलं, "घट बसल्यावर भाऊ माझा असला तरी गळ घेऊन उंबऱ्याभायर पडायचं न्हाई." १२ ला दसरा. त्याच सुमाराला सोयाबीनची काढणी. आणि २८ ला वसुबारस, म्हणजे दिवाळीला घरी पाहिजे.

आणखी एक पाचर होती. आपला दसरा संपतो तेव्हा कुलूचा दसरा सुरू होतो. विजयादशमीपासून सात दिवस. खोऱ्यातल्या गावोगावचे देव पालख्यांतनं कुलूला येतात, ढालपूरच्या मैदानावर जत्रा भरते. बघण्यासारखी गोष्ट, पण त्या आठवड्यात खोली मिळणं अवघड आणि रस्त्यावर गाड्यांची रीघ. मासे धरायला जाणाऱ्यानं तो आठवडा टाळावा.

असं सगळं वजा करत गेलो तेव्हा कॅलेंडरवर हाताशी राहिले दहा दिवस. १९ ऑक्टोबरला निघायचं, २८ ला परत. नातू म्हणाला, "आजोबा, हे तर गणितच झालं." मी म्हटलं, गणित नव्हं, घात आहे. घात साधली तरच उगवतं.

मग जागा. मनाली गाव मेजरांच्या आठवणीत छोटं होतं, देवदाराच्या बनात. आता ते आपल्या महाबळेश्वरासारखं झालंय, मे महिन्याच्या बाजारपेठेत जसा पाय ठेवायला जागा नसते तसं. मासा माणसाच्या गर्दीत राहत नाही. म्हणून मनालीत मुक्काम करायचा नाही, मनालीच्या आजूबाजूला करायचा, हे पहिलं ठरलं.

आजूबाजूला चार ठिकाणं होती. पहिलं पतलीकुहल. कुलू आणि मनालीच्या अर्ध्या वाटेवर, बियासच्या काठाला. तिथं सरकारी ट्राऊट केंद्र आहे. दुसरं तीर्थन खोरं. औटला बियासचा मुख्य रस्ता सोडून आत जायचं, बंजारच्या बाजूला. तिसरं बरोट, उहल नदीवरचं. या उहलचं पाणी इंग्रजांच्या काळात, १९३० च्या दशकात, डोंगरातनं बोगदा पाडून जोगिंदरनगरच्या शानन वीजघराला नेलं. नदी सुंदर, मासा भरपूर असं सगळे सांगतात. चौथं किन्नौरमधलं सांगला, बास्पा नदीवर.

सांगला लांब आणि उंच, ते पहिल्यांदा खोडलं. बरोटवर माझं मन बसलं होतं. पण घाटरस्ता वळणावळणाचा, आणि रात्री मेजरांची साखर खाली गेली तर डॉक्टर लांब. म्हणून तेही खोडलं. राहिली दोन, पतलीकुहल आणि तीर्थन. दोन्हीकडं काठ उतरायला फार उभा नाही आणि तासाभरात दवाखाना गाठता येतो.

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. आमच्या लोकांची खोड अशी की डॉक्टरला विचारलं तर नको म्हणेल, म्हणून विचारायचंच नाही. आम्ही विचारलं. त्यांनी डावा डोळा तपासला आणि जायला हरकत नाही म्हणाले. पण तीन अटी घातल्या. रोहतांगच्या बाजूला वर जायचं नाही. इन्सुलिन गोठू द्यायचं नाही, रात्री पिशवी उशाशी घ्यायची. आणि नदीत पाय घालायचा नाही. साखरेच्या माणसाच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असते. बर्फाच्या पाण्यात दगडानं कापलं तरी कळत नाही, आणि ती जखम पुढं बोट घेऊन जाते. मेजर हिरमुसले. साहेब लोक कंबरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे, ते चित्र त्यांच्या डोक्यात. मी म्हटलं, साहेब पाण्यात उभा राहिला म्हणून मासा त्याला सलाम करत नव्हता. आपण काठावरनं टाकू.

खर्चाचं सांगायला लाजायचं कारण नाही. निम्मा खर्च मेजरांच्या पेन्शनीतनं, निम्मा माझा. माझ्या वाट्यासाठी चार क्विंटल सोयाबीन घातलं. आडतीत ४१५० चा दर लागला, हातात आले १६,६००. त्या वर्षीचा हमीभाव होता ४८९२. त्या फरकात आम्हा दोघांचं जातानाचं रेल्वेचं तिकीट निघालं असतं, वर वाटेतलं चहापाणी. असो. तो विषय निघाला की मासा बाजूला राहतो.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेस. दुसऱ्या रात्री अंबाल्याला उतरलो, तिथून चंदीगड, चंदीगडहून बस. बसमध्ये मेजर खिडकीला. त्यांना बाहेरचं धूसर दिसत होतं, पण जुना रस्ता पाठ होता. "आता डावं वळण, मग चढ, मग एक देऊळ लागंल." पण आता तिथं नवा रस्ता झालाय आणि बोगद्यामागून बोगदे. ज्या वळणाला त्यांनी तोंडानं गिअर टाकला ते वळण आलंच नाही, अंधार आला. दोन-तीन वेळा असं झाल्यावर ते गप्प बसले. मंडी सोडली, पंडोहचं धरण लागलं आणि डाव्या अंगाला पाण्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी काच सरकवली. "बियास," म्हणाले. तिथून पुढं कुणाला काही विचारावं लागलं नाही.

पतलीकुहलच्या सरकारी केंद्रात आम्ही अख्खा अर्धा दिवस घालवला, आणि शेतकऱ्यानं घालवावाच. सिमेंटच्या लांबलचक अरुंद हौदांतनं नदीचं पाणी सतत वाहतं. एका हौदात बोटाएवढी पिल्लं, दुसऱ्यात हातभर मासे. सगळ्यांची तोंडं एका बाजूला, येणाऱ्या पाण्याकडं. कुणी पाठ फिरवून उभा नाही. इथं जास्त करून इंद्रधनुषी ट्राऊट, अंगावरनं गुलाबी पट्टा गेलेला. हौदात वाढतो तो हा. नदीत राहिलेला तो तपकिरी. हे दोघंही मूळचे इथले नाहीत. १९०९ साली हॉवेल नावाच्या कुलूच्या इंग्रज अधिकाऱ्यानं काश्मीरहून तपकिरी ट्राऊटची अंडी आणून इथं कटराईनजवळ उबवणी सुरू केली, आणि काश्मीरला ती त्याच्या थोडी आधी विलायतेहून आली होती. पुढं नॉर्वेच्या मदतीनं पतलीकुहलचं काम वाढलं आणि खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी सफरचंदाच्या बागेशेजारी हौद बांधून ट्राऊट पाळायला घेतला.

मी एका हौदाशेजारी उभं राहून हिशेब केला. कोंबडीसारखंच आहे. पिल्लू सरकार देतं, खाद्याच्या गोळ्या विकत घ्यायच्या, पाणी मात्र चोवीस तास वाहतं पाहिजे. अर्धा तास पाणी तुटलं तर हौद आडवा. म्हणून त्या शेतकऱ्याची झोप पाण्याच्या आवाजावर असते. रात्री आवाज थांबला की तो जागा होतो. आपली रात्रीच्या थ्री फेजच्या लाइटची झोप तशीच. मला तो माणूस न भेटताच ओळखीचा वाटला.

परवाना काढला. माणशी, दिवसाप्रमाणे परवाना, फी किरकोळ. त्यावर नियम लिहिलेले. काठी आणि गळ एवढंच चालेल, जाळं नाही. किती मासे न्यायचे याला मर्यादा, आणि ठरलेल्या मापापेक्षा लहान मासा परत सोडायचा. मेजरांनी तो कागद घडी करून पेन्शनच्या ओळखपत्राशेजारी ठेवला. पलटणीच्या माणसाला कागदाची किंमत कळते.

पहिला दिवस बियासवर गेला आणि काही लागलं नाही. पाणी नितळ हिरवं होतं, बेत बरोबर होता. पण २०२३ च्या पुरानं नदीचा पट्टाच उलथापालथा केलेला. घराएवढे धोंडे मधोमध आणून टाकलेले, काठाला यंत्रं वाळू-दगड उचलत होती. आम्हाला काठी भाड्यानं देणारा तिथला पोरगा म्हणाला की मासा अजून आपलं घर शोधतोय. हिंदीत म्हणाला, पण मेजरांना ते फार पटलं. धरणातनं उठलेल्या आमच्याकडच्या गावांचंही असंच झालं होतं. घर शोधायला माणसांना वीस-वीस वर्षं लागली.

तिसऱ्या दिवशी तीर्थनला गेलो. ही नदी बियासपेक्षा लहान, आपल्या वेण्णेएवढी, पण पाणी असं की तळाचा खडा मोजावा. वरच्या बाजूला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, २०१४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. नदी त्या जंगलातनं येते आणि खाली लारजीला बियासला मिळते. हिमाचलात नदी दिसली की वीजप्रकल्प येतो, पण तीर्थनवर तो होऊ नये म्हणून इथल्या लोकांनी झगडा दिला. त्यांच्यात माजी आमदार दिलाराम शबाब पुढं होते. नदी मोकळी राहिली. मी त्या काठावर बसून विचार केला की आमच्या काठाला अशी भांडणारी माणसं नव्हती असं नाही. पण आम्ही पाणी वाटून घेण्यासाठी भांडलो. पाणी वाहू द्या म्हणून आम्ही कधी भांडलो नाही. आम्हाला पाणी पाहिजेच होतं, दुष्काळी माणसं आम्ही. तरीपण फरक मनात राहिला.

आता गळाचं. आपल्याकडं गळ टाकून बसायचं असतं. बांबूची काठी, तंगूस, बूच, गांडूळ, आणि वर बिडी. बूच बुडालं की ओढायचं. ट्राऊटला हे चालत नाही. तो मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, वरच्या बाजूला तोंड करून उभा असतो आणि धारेबरोबर वाहून येणारा किडा टिपतो. त्याला काठावरचं पाऊल कळतं, सावली कळते. म्हणून त्याच्या पाठीमागनं, म्हणजे खालच्या बाजूनं जायचं, सूर्य असा धरायचा की आपली सावली पाण्यावर पडणार नाही. गळाला गांडूळ नाही, पितळेचा छोटा फिरता चमचा. धोंड्याच्या वर टाकायचा आणि रीळ फिरवत त्याच्या अंगावरनं आणायचा. टाका, आणा, टाका, आणा. नांगरटीसारखं काम, बसायची सोय नाही.

मला वाटलं होतं की मेजरांना हे जमणार नाही, दिसल्याशिवाय चमचा कुठं टाकणार? पण तो पोरगा हुशार. त्यानं मेजरांना एका सपाट धोंड्यावर उभं केलं, पायांत रबरी तळाचे बूट, मागनं मी सदरा धरलेला. तो नुसता सांगायचा, घड्याळातले अकरा, दहा, बारा. फौजेत निशाण असंच सांगतात. मेजरांचा हात बरोबर वळायला लागला. डोळ्यांना चमचा दिसत नव्हता, पण तंगूस बोटावरनं जात होता आणि पाण्याची धार बोटाला कळत होती. "दाजी, आता खोल हाय. आता दगडाला घासला. आता धारेत आला." मी डोळ्यांनी बघत होतो आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं.

सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत काही नाही. मधे जेवण, साखर तपासली, इन्सुलिन घेतलं. चारच्या पुढं ऊन डोंगराआड गेलं. काठीचं टोक एकदम वाकलं. मेजर ओरडले नाहीत. "हाय," एवढंच म्हणाले, आणि ओढायच्या ऐवजी थोडा सैल दिला. तीस वर्षं डोक्यात धरलेला मासा, पण हातांनी घाई केली नाही.

काठाला आला तो एक वीतसुद्धा भरत नव्हता. नियमात बसत नव्हता. पोरानं मला आधी हात पाण्यात बुडवायला लावले. कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढं त्याला रोग लागतो. मी ओल्या ओंजळीत धरून तो मेजरांच्या डाव्या डोळ्यासमोर नेला, अगदी पापणीजवळ. सोनेरी-तपकिरी अंग, त्यावर काळे ठिपके, मधे मधे लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. मेजरांनी लाल ठिपके मोजले. नऊ झाले आणि म्हणाले, "सोडा."

सोडताना तोंड धारेकडं करून धरायचा. थोडा वेळ तो ओंजळीतच उभा राहिला, कल्ले हलवत. मग गेला. मेजर बराच वेळ धोंड्यावर उभे होते. मी सदरा धरूनच ठेवला होता.

त्या रात्री मुक्कामाच्या घरी हौदातला ट्राऊट भाजून दिला, आम्ही पैसे देऊन खाल्ला. चव चांगली, काटे कमी. पण आपल्या वामीच्या कालवणाची सर नाही, हे दोघांचंही एकमत झालं. वसुबारसेला दिवेलागणीनंतर घरी पोचलो. बायकोनं आधी भावाचे तळपाय दिव्याच्या उजेडात तपासले. ओरखडासुद्धा नव्हता.

आता आमच्याकडं कुणी ना कुणी विचारायला येतं. मी सांगतो, आधी माशाचं पंचांग बघा, मग आपलं, आणि दोन्हीत जे दिवस सामाईक निघतील तेच धरा. ऑक्टोबर संपायच्या आत परता. मनालीत राहू नका, जवळ राहा. परवाना पहिल्या दिवशी काढा. काठी इथनं नेऊ नका, तिथं मिळते. आणि ज्याला घेऊन जाणार आहात त्याचे पाय, डोळे आणि औषधं आधी विचारात घ्या, जागा त्यावर ठरवा.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, ती मेजरांनी आपणहून धरली आहे. नदीची चार महिन्यांची सुट्टी. आपल्याकडं पहिला पाऊस पडला, ओढे वाहिले की पोटात अंडी घेऊन मासे उलटे वर चढतात. चढणीचे मासे. आपल्याकडं तो सणच. पोरं रात्री बॅटरी, काठ्या, बुट्ट्या, जाळी घेऊन ओढ्याच्या तोंडाला उभी. पूर्वी कुणी गेळफळ कुटून डोहात टाकायचं, आता ब्लीचिंग पावडर येते. एका मादीच्या पोटातली हजारो अंडी तव्यावर जातात, आणि मग आपण म्हणतो नदीत मासा राहिला नाही.

२०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला. ओढा वाहिला त्या रात्री मेजर छत्री आणि काठी घेऊन ओढ्याच्या तोंडाला खुर्ची टाकून बसले. उजवा डोळा तोवर गेला होता, डाव्यानं अंधारात काही दिसत नाही. पण पावलांच्या आवाजावरनं कुणाचा पोरगा आलाय ते त्यांना कळतं. प्रत्येकाला नावानं हाक मारून सांगायचे, "बाबा, आठ दिस थांब. त्यांची अंडी हुंद्यात, मग ये." काही पोरं हसली आणि पुढं गेली. काही परत फिरली. दोघं-तिघं मेजरांच्या शेजारी दगडावर बसली आणि मनालीची गोष्ट विचारायला लागली. मी डबा घेऊन गेलो तेव्हा मेजर त्यांना हात ओला करून मासा कसा धरायचा ते दाखवत होते, रिकाम्या ओंजळीनं, पावसात.